चौतीस पोरं आणि कन्नडमधली केळी

बंगळुरूहून येऊन मला दोन आठवडे झाले, आणि चाळीसगावात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय गं, ती काचेची मोठमोठी ऑफिसं पाहिलीस का?" पाहिली बाबांनो, पाहिली. हेब्बाळच्या पुलावरून येता-जाता पाहिली, बसच्या खिडकीतून. बस तिथे इतका वेळ उभी राहायची की आतली माणसं ओळखीची वाटायला लागली. पण मी ती बघायला गेलेच नव्हते. मी गेले होते तिथल्या एका सरकारी शाळेत, तिसरीच्या चौतीस पोरांना शिकवायला. तेही कन्नडमधून. आणि माझं कन्नड म्हणजे सगळा आनंदच होता. महिनाभराचं सगळं सांगत बसले तर तुम्ही पळून जाल, म्हणून शेवटचा आठवडा तेवढा सांगते. खरी मजा तेव्हाच झाली.

पण मी तिथे गेले कशी हे आधी सांगायला हवं, कारण मला काही कुणी कौतुकानं पाठवलं नव्हतं. मी डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे होऊ घातलेली शिक्षिका. आमच्यात शेवटी एक पाठ द्यावा लागतो. आपण वर्गावर शिकवायचं, परीक्षकांनी मागच्या बाकावर बसून गुण द्यायचे. माझा पाठ चाळीसगावातच झाला. पाऊण तास मी अशी काही बोलले की मला वाटलं, आता टाळ्या पडतील. पडला तो शेरा. "विद्यार्थिनी बोलते उत्तम. मुलांचं ऐकून घेत नाही. प्रश्न स्वतःच विचारते, उत्तर स्वतःच देते." खाली लाल अक्षरात नापास.

मला इतका संताप आला की विचारू नका. आमची पिठाची गिरणी. अप्पा गिरणीत, आई गिरणीत, मी लहानाची मोठी गिरणीत. तिथे ऐकायला काही येतच नाही, जो मोठ्यानं बोलेल त्याचं दळण आधी. त्यात माझा काय दोष? हे सगळं मी आमच्या पाठक बाईंना एका दमात ऐकवलं. त्या मला शिकवायच्या, आणि मला चांगल्या ओळखून होत्या. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि म्हणाल्या, "वैशाली, बंगळुरूच्या एका कॉलेजशी आपली देवाणघेवाण आहे. महिनाभर जा. पुन्हा पाठ तिथेच दे. तिथे तुला बोलता येणार नाही, हेच तुझ्या फायद्याचं आहे." आणि वर हेही सांगितलं की या खेपेला नापास झालीस तर अख्खं वर्ष पुन्हा. इकडे अप्पांनी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला पोरगी मास्तरीण झाल्याचं सांगूनही टाकलं होतं. म्हणजे परत फिरायची सोय नव्हती.

सोमवार, हेब्बाळ

मी राहत होते सरोजाक्कांकडे. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी मराठी फौजेबरोबर या मुलखात आले ते इथलेच होऊन गेले. अक्का साठीच्या, विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या, हातात कायम काहीतरी निवडायला घेतलेलं. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आवरेना.

"वैशाली, ऊटा केलीस की नाही अजून? स्वल्प बस. तूप वाढते, सरी?"

ऊटा म्हणजे जेवण, स्वल्प म्हणजे थोडं, आणि सरी म्हणजे ठीक आहे. मी म्हणाले, "अक्का, तुम्ही अर्धं कन्नडच बोलता की."

"छे गं," अक्का म्हणाल्या, "हे आमचं मराठीच. तुमचंच तिकडे काहीतरी भलतं झालंय."

मी तूप वाढून घेतलं. सांबार मात्र मला गोडच लागायचं. खानदेशी जीभ माझी, तिला असलं चालत नाही. आईनं बांधून दिलेली काळ्या मसाल्याची पुडी मी हळूच काढली आणि चिमूटभर टाकली. अक्कांनीही हौसेनं टाकून घेतली आणि पुढची पाच मिनिटं नुसत्या खोकत राहिल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "तुझा आवाज एवढा मोठा का, ते समजलं आता."

शाळा चालत दहा मिनिटांवर. तिसरीच्या वर्गशिक्षिका मंजुळा मिस. इथे बाईंना बाई म्हणत नाहीत, मिस म्हणतात, मग त्या नातवंडांच्या आजी का असेनात. मंजुळा मिस माझ्याशी हिंदीत बोलायच्या आणि मी चुकले की कन्नडमध्ये हसायच्या. हसण्यासारखं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात भरपूर दिलं होतं. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दुपारच्या जेवणाबरोबर इथे पोरांना अंडं मिळतं. जी अंडं खात नाहीत त्यांना केळं. त्या दिवशी केळ्यांची टोपली माझ्याकडे आली. व्हरांड्यात हा गोंधळ! मी टोपली डोक्याच्या वर धरली आणि आमच्या बाजारातल्यासारखी ओरडले, "केळी! केळी घ्या, केळी!"

क्षणात सगळं चिडीचूप. जेवणारी पोरं जेवायची थांबली. हाताची घडी, तोंडावर बोट, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मला वाटलं, काय ही शिस्त! आमच्याकडे केळी म्हटलं की टोपलीसकट मास्तरांना आडवं करतील. मी पुन्हा ओरडले, "केळी!" पोरं आणखी ताठ बसली. एकही पुढे येईना. मागे बघते तर मंजुळा मिस पदरानं डोळे पुसत होत्या, हसून हसून.

कन्नडमध्ये केळी म्हणजे ऐका. आपण खातो त्या केळ्याला ते बाळेहण्णु म्हणतात. म्हणजे मी टोपली उंच धरून 'ऐका, ऐका' असं ओरडत होते, आणि बिचारी पोरं ऐकायला बसलीही होती, पण मी पुढे काही बोलेचना!

त्यांचा उच्चार शेवटी जरा आखूड असतो, पण माझ्या तोंडी ती केळीच राहिली. आणि खोटं कशाला सांगू, तो शब्द मला भलताच आवडला. एकदा म्हटलं की चौतीस तोंडं बंद. असा शब्द मराठीत असता तर मी चाळीसगावात नापास झालेच नसते, असं मला तेव्हा वाटायचं. त्या महिन्यात मी तो दिवसातून शंभर वेळा तरी वापरला असेन.

तर सोमवारी मुख्याध्यापिकांनी सांगितलं, तुमचा पाठ शुक्रवारी, परीक्षक बाहेरून येणार, विषय 'आपलं पाणी'. लगेच वर्गात जाऊन सराव सुरू केला. "नीरु यल्लिंद बरत्ते?" पाणी कुठून येतं? खिडकीजवळच्या भाग्याला विचारलं. भाग्या म्हणजे दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि वर्गात सगळ्यात कमी आवाज. ती हळूहळू उभी राहिली. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. ओठ उघडले.

"कावेरी!" मी म्हणाले.

भाग्या खाली बसली.

मधल्या सुट्टीत मंजुळा मिस हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाग्याला बोलायला वेळ लागतो. पण ती बोलते. तुम्ही तीनपर्यंतसुद्धा मोजलं नाहीत, वैशाली मिस." एवढ्या लांब, भाषा बदलून, माणसं बदलून यायचं, आणि शेरा तोच! मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी अक्कांनी वाढलेलं मला काही गेलं नाही.

बुधवार, चिकपेट

पाठाला साहित्य लागतं. साहित्य नसेल तर गुण कापतात. मी ठरवलं, निळं कापड आणायचं आणि त्याची कावेरी करायची. अक्का म्हणाल्या, कापड घ्यायचं तर चिकपेटला, दुसरीकडे कुठे जाणार? शाळा सुटल्यावर बसनं आणि मग मेट्रोनं गेलो.

चिकपेटचं वर्णन करायचं तर आधी श्वास घ्यावा लागेल, आणि तिथे तेवढीही जागा नाही. एका अंगाला साड्यांचे ढीग, दुसऱ्या अंगाला नळाच्या तोट्या आणि बिजागऱ्या, मधून हातगाड्या, आणि त्यातून माणसं एकमेकांना जराही शिव्या न घालता वाट काढतात. आमच्याकडे एवढ्या गर्दीत निदान दोन भांडणं झाली असती. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

अक्का शेजारच्या दुकानात अस्तर बघायला गेल्या आणि मी एकटीच निळ्या कापडासमोर. दुकानदार म्हातारे गृहस्थ, कपाळाला गंध. म्हणाले, "बा अम्मा." ये अम्मा. चोविसाव्या वर्षी अम्मा! गावाकडे कुणी म्हटलं असतं तर मी सोडलं नसतं. इथे म्हणे तो मान असतो. बरं, घेतला मान. मला पाच मीटर हवं होतं. मी कापडावर बोट ठेवलं. त्यांनी विचारलं, "हत्तु?"

मला वाटलं, हातानं मोजू का म्हणतायत. जुन्या लोकांची रीत असेल. मी म्हणाले, "हो हो, हत्तु, हत्तु." आणि त्यांनी सर्रकन कापून दिलं. अक्का आल्या, गठ्ठा बघितला आणि कपाळाला हात लावला. हत्तु म्हणजे दहा. दहा मीटर निळं सॅटिन! त्यात माझ्या चार मावशांचे परकर झाले असते.

"राहू दे," अक्का म्हणाल्या, "कावेरी काय लहान नदी आहे काय?"

मग त्यांनी मला एका उपाहारगृहात नेलं. उभ्यानंच खायचं. डोशावर लोण्याचा गोळा, आणि वर अक्कांनी ऐटीत मागवली 'बाय-टू' कॉफी. म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. मी हळूच म्हणाले, "अक्का, मला पूर्ण पेला चालला असता." पाहुण्याला अर्धी कॉफी ही आमच्याकडे अपमानाची गोष्ट. अक्का म्हणाल्या, "आता अर्धी पी. पुन्हा बोलत बसलो की पुन्हा अर्धी मागवू." आणि खरंच आम्ही तीनदा मागवली. अक्का बोलत होत्या, त्यांच्या नोकरीचं, यजमानांचं, लेक परदेशी गेल्यावर घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही त्याचं. मी पहिल्यांदाच त्यांचं बोलणं न तोडता बसले, कारण माझं तोंड डोशानं भरलेलं होतं.

गुरुवार, अक्कांचं स्वयंपाकघर

शाळेतून आले तर अक्का म्हणतात, "आज मुद्दे आहेत हं."

मी पाठाची वही काढून बसले. "अक्का, आठ मुद्दे आहेत. पहिला, पाण्याचे उपयोग."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी पानात एक तपकिरी, वाफाळता, चेंडूएवढा गोळा वाढला. नाचणीचा. तो मुद्दे! पालेभाजीच्या पातळ सारात बुडवायचा आणि गिळायचा, चावायचा नाही. मी आयुष्यभर कळण्याची भाकरी चावून खाल्लेली, मला ते जमेना. घास टाळूला चिकटला आणि मी तशीच बसून राहिले, ना आत ना बाहेर. अक्का म्हणाल्या, "बघ, तुला गप्प करायला एक मुद्दे पुरे."

जेवण झाल्यावर मी पाठ म्हणून दाखवला. कन्नड वाक्यं देवनागरीत लिहून आठ पानं घोकली होती. पहिल्या मुद्द्यापासून आठव्यापर्यंत, न अडखळता. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कसं झालं?"

"कन्नड बरं आहे," अक्का म्हणाल्या. "पण यात पोरं कुठे आहेत?"

मला राग आला. मी म्हणाले, पोरं ऐकतील ना, त्यांचं कामच ते. पण अंथरुणावर पडल्यावर मला त्या लाल अक्षरांची आठवण झाली आणि अगदी रडू आलं. पुन्हा नापास झाले तर घरी काय तोंड दाखवू? या एका विचारानं झोप उडाली ती उडालीच.

शुक्रवार, तिसरीचा वर्ग

परीक्षक बाई आल्या त्या वेळेच्या आधी दहा मिनिटं. बारीक, ताठ, अंबाड्यात एवढासा गजरा. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी नाव सांगितलं, पण माझ्या कानात काही शिरलं नाही. त्या मंजुळा मिसशेजारी मागच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

पहिला मुद्दा झाला. दुसरा झाला. गाडी सुसाट. तिसऱ्या मुद्द्याला मी निळं कापड काढलं. पोरांनी "आऽऽ" केलं. दाराजवळ जमिनीवर कापडाचं एक टोक ठेवलं, ती कावेरी. टेबलावर बंगळुरूचा तक्ता उभा केला होता. कापड सोडत सोडत टेबलापर्यंत आले तरी ते संपेचना, म्हणून उरलेलं सगळं टेबलावर पसरून दिलं. आणि चौथ्या मुद्द्यासाठी वहीकडे बघते तर वही नाही. वही टेबलावर होती, आणि टेबलावर आता नदी होती.

चौथा मुद्दा डोक्यातून साफ पुसला गेला. पाचवाही. एकही कन्नड शब्द आठवेना. आता कापड उचकटून वही शोधायची म्हणजे पाठ तिथेच संपला. वेळ काढायला हवा होता, म्हणून मी माझं एकमेव हत्यार काढलं.

"केळी," मी म्हणाले.

वर्ग शांतच होता. तो आणखी शांत झाला.

"केळी, केळी."

पुढच्या बाकावरच्या आयेशाचा हात वर आला. ही चुणचुणीत पोरगी, घरी उर्दू बोलणारी. म्हणाली, "मिस, केळ्ला?"

मला काही कळेना. तिला माझी दया आली असावी. ती तिच्या भाषेत समजावून म्हणाली, "आपैच बोले ना मिस, पूछो बोलके!"

अगं माय! पोरगी 'विचारू का' म्हणत होती! केळी म्हणजे 'ऐका', आणि केळी म्हणजे 'विचारा' सुद्धा! कन्नडमध्ये दोन्हीला एकच शब्द. महिनाभर मी दिवसाला शंभर वेळा पोरांना 'विचारा, विचारा' म्हणत होते आणि त्यांना विचारायला जागाच ठेवत नव्हते. ती भोळी पोरं गप्प बसायची ती बहुतेक माझ्या चेहऱ्याकडे बघून.

मागे परीक्षक बाईंचं पेन थांबलं होतं. मी नाही म्हणू शकले असते. पण दुसरं काही येतच नव्हतं, तर नाही म्हणून करणार काय? "केळु," मी आयेशाला म्हणाले. विचार.

आमच्या गल्लीत टँकर येतो तो पाणी कुठून आणतो? तिचा प्रश्न. मला माहीत नव्हतं. मी वर्गाकडे बघितलं. एक मुलगा म्हणाला, माझ्या मामाच्या शेतातल्या बोअरवेलमधून, देवनहळ्ळीकडे, मी स्वतः भरताना बघितलाय. मग मामाच्या शेताला काय उरतं? हे दुसऱ्यानं विचारलं. आता शेत नाही, तिथे प्लॉट पडलेत, पहिल्यानं सांगितलं. तोवर चार हात वर. तळ्यातलं पाणी आपण पीत नाही, मग पक्षी कसे पितात? मिस, तुमच्या गावाला पाणी कुठून येतं?

हे मला येत होतं! मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाले, नदीवरून, धरणातून, आणि आमच्या नळाला चार दिवसांनी एकदा येतं. "नाल्कु दिना!" अख्खा वर्ग ओरडला. चार दिवस! मग अंघोळ कधी करता? मी ज्या हावभावांनी पिंप, हंडे, कळशा, बादल्या भरून ठेवलेल्या दाखवल्या त्यावर पोरं बाकांवर लोळून हसली. मीही हसले. पाठाचं काय व्हायचं ते होवो, असं मला एकदम वाटलं.

तेवढ्यात मागून एका पोराचा बारीक आवाज. मिस, कावेरी खाली जमिनीवर आहे आणि आपलं गाव वर टेबलावर. पाणी तर वरून खाली येतं. मग ते वर कसं चढलं?

मी कापडाकडे बघितलं. मी ते तसं मुद्दाम ठेवलंच नव्हतं, कापड जास्त झालं म्हणून चढवलं होतं. आणि बंगळुरू खरोखरच उंचावर आहे, कावेरी खरोखरच खाली आहे! आली का पंचाईत. पंप म्हणून मोकळी झाले असते. शब्द ओठांवर आला होता. पण खिडकीजवळच्या बाकावर एक हात अर्धाच वर आलेला दिसला. लाल रिबीन.

"ननगे गोत्तिल्ला," मी म्हणाले. मला माहीत नाही. माझ्या आठ पानांत हे वाक्य कुठेच नव्हतं. आणि मग मी भाग्याकडे बघत थांबले.

ती उभी राहिली. खिडकीबाहेर बघितलं. ओठ उघडले, मिटले. सांगते तुम्हाला, माझ्या जन्मात मी एवढं कठीण काम केलेलं नाही. जीभ नुसती वळवळत होती. मी ती दातांखाली धरली. तीन झाले, दहा झाले, वीस झाले. कुणी हसलं नाही, कुणी खोकलं नाही.

आणि भाग्या बोलली. तिचे वडील पाणी सोडणारे, गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडणारे. ती म्हणाली, खाली मोठ्ठे पंप आहेत, ते पाण्याला ढकलतात, एकानं ढकललं की दुसरा ढकलतो, असं करत करत पाणी डोंगर चढतं. पण चढून आलं की नाही ते दिसत नाही, पाइप जमिनीत असतो. म्हणून माझे अप्पा लोखंडी चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवतात आणि दुसरं कानाला लावतात. पाणी येतंय ते आधी ऐकू येतं. मग उघडतात.

वर्गात सगळ्यात हळू बोलणारी पोरगी, म्हणून तिचं कन्नड मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कळलं.

मागून बाक सरकल्याचा आवाज झाला. परीक्षक बाईंनी पेनासकट हात वर केला होता. "मिस, मी विचारू?"

मी मान हलवली. त्यांनी भाग्याला विचारलं, पाइपात नुसती हवा असेल तर? तिचाही आवाज येत असेल ना?

भाग्यानं त्यांच्याकडे असं बघितलं की एवढंही माहीत नाही? "हवा शिट्टी वाजवते," ती म्हणाली. "पाणी बोलतं."

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा चौतीस पोरं बाकांना कान लावून बसली होती आणि माझे आठपैकी पाच मुद्दे तसेच राहिले होते.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत परीक्षक बाईंनी कॉफीचा एक घोट घेतला. मग दुसरा. "बाकीचे मुद्दे कुठे गेले?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"कापडाखाली," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

"सोमवारी मंजुळा मिस घेतील ते," त्या म्हणाल्या, आणि कागदावर सही केली. "तुम्ही पास. प्रथम श्रेणी."

मी रडले. हळू रडणं मला जमत नाही, त्यामुळे शेजारच्या वर्गातले शिक्षक काय झालं ते बघायला आले. मंजुळा मिसना मी अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा वाकडा झाला. पाठक बाईंना फोन लावला. त्यांनी निकाल विचारलाच नाही. "किती बोललीस?" एवढंच म्हणाल्या. मी म्हणाले, फार नाही. "मग झाली असशील पास," त्या म्हणाल्या. घरी कळवलं आणि तासाभरात आमच्या अख्ख्या गल्लीचे फोन आले, कारण अप्पांनी कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं.

शनिवार, अर्धा दिवस

शनिवारी शाळा सकाळची. शिक्षिकांनी मला खुर्चीत बसवून हळदीकुंकू लावलं, विड्याची पानं, सुपारी, खण दिला, अगदी आपल्यासारखं. फक्त खणाबरोबर मोगऱ्याची लांबलचक माळ, आणि ती केसांत माळल्याशिवाय उठायचं नाही. माझे केस खांद्यापर्यंत, माळ कमरेपर्यंत. पोरांना ते फार आवडलं. दहा मीटर सॅटिन मी वर्गाला देऊन टाकलं. आयेशानं लगेच तिघींना घेऊन ते बाकांवरून चढवत खिडकीपर्यंत नेलं आणि मला सांगितलं, मिस, आता कावेरी दुसऱ्या मजल्यावर गेली.

मग निघायची वेळ झाली. मी सगळ्यांची नावं एकदा मोठ्यानं म्हटली, चौतीसच्या चौतीस, आणि एकही चुकले नाही. अक्कांनी मला शिकवून ठेवलं होतं की निघताना 'जाते' म्हणायचं नाही, इथेही आपल्यासारखंच 'येते' म्हणतात. दाराशी वळून मी म्हणाले, "बर्तीनि."

येते. आपण कुणाच्याही दारातून निघताना म्हणतो, आणि कुणी कधी तारीख विचारत नाही.

भाग्या उभी राहिली. मी थांबले. आता थांबायला मला तेवढा त्रास होत नव्हता.

"यावाग?" ती म्हणाली. कधी?

मंजुळा मिस मला त्यातून सोडवायला पुढे आल्या, "अगं, मिसना खूप लांब जायचंय," असं काहीतरी म्हणू लागल्या. मी त्यांना हातानं थांबवलं. पोरीनं विचारलं होतं. वर्ग वाट बघत होता. मला नोकरी कुठे लागेल, सुट्टी कधी मिळेल, कशाचा पत्ता नव्हता. मी खरोखर विचार केला, आणि मग उत्तर दिलं.

"पुढच्या डिसेंबरात. तुम्ही चौथीत असाल तेव्हा."

भाग्यानं मान हलवली आणि ती खाली बसली. आता बंगळुरूला परत जायलाच हवं. चौतीस पोरांनी ऐकलंय.